गणपूर्तीअभावी

तर्कनिष्ठ प्रोग्रामिंग अभ्यास मंडळ, सीवूड्स.
नोंदणी क्रमांक आहे, रबरी शिक्का आहे,
शिक्क्यावरच्या 'निष्ठ'मधला ठ झिजून ट झालाय.
वार्षिक सभा, सेक्टर अठ्ठेचाळीस,
सोसायटीच्या हॉलमध्ये, टेबल टेनिसच्या टेबलाभोवती.
सभासद एकोणीस. गणपूर्ती सात.
पाच वाजता आम्ही पाच.

घटनेचं कलम अकरा:
गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब,
मग त्याच जागी, त्याच विषयांवर,
असतील तेवढ्यांत भरवावी.
म्हणजे साडेपाचला आम्ही पुरेसे होणार होतो,
पाचाचे पाचच राहून.
'हे आपल्या विषयासारखंच झालं,' कारखानीस म्हणाले,
'एक वाट अडली की मागच्या फाट्यावर यायचं,
दुसरी धरायची.'
ते खजिनदार. शिल्लक चार हजार दोनशे अकरा.

पहिली दहा मिनिटं 'एकरूपण' की 'एकीकरण'.
हा वाद दोन हजार नऊपासून चालू आहे,
त्यात एक मैत्री गेली, एक लग्न जमलं.
मग चहा, करावे गावातून, किटलीत.
मग हजेरीवही,
आणि तिच्यात ऑल्विन परेरा, सभासद क्रमांक तीन.
तीन वर्षं वर्गणी नाही. फोन लागत नाही.
पत्र परतही येत नाही, पोचतही नसावं.
'शास्त्राने बोलायचं तर,' पुन्हा कारखानीस,
'जे सिद्ध होत नाही, ते नाही.
नाव कमी करा.'

मी चिटणीस. पेनाचं टोपण काढलं.

'थांबा जरा,' कुंदा भगत म्हणाली.
चार महिन्यांची सभासद, घर इथलंच, किटली तिनेच आणलेली.
लॅपटॉप उघडून तिने जाळीवरून आमच्याकडे फिरवला.
पडद्यावर सगळ्यांचाच पहिला धडा:
आईबाप, भावंडं, पूर्वज,
पूर्वजाचे आईबाप तेही पूर्वज,
दोन ओळींत हव्या तितक्या पिढ्या.
आम्ही त्यात पाठ्यपुस्तकातली नावं घालून शिकलो.
तिने घरची घातली होती,
जुन्या सातबाऱ्यावरून, साडेबारा टक्क्यांच्या फायलीवरून,
खाजणाच्या त्या तुकड्यासाठी
ज्यावर आता कोणाचं तरी पार्किंग आहे.

तिने विचारलं, वारस कोण?
यंत्राने एकेक काका काढून दिला,
वारलेलेसुद्धा.
मग विचारलं, नामीआत्या वारस आहे?

नाही

एवढंच. त्यापुढे उघडझाप करणारी एक रेघ.

'आत्या आत्ता ओट्यावर सुकट निवडत बसलीय,' कुंदा म्हणाली.
'कुठल्याच कागदावर तिचं नाव नाय.
म्हणजे हा खोटं बोलत नाय.
ह्याला ठाऊक नाय,
आणि ठाऊक नाय ते हा "नाही" म्हणून सांगतो.
शीडकोच्या हापिसात पण असंच सांगतात.'

वेलणकरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

साडेपाच. सभा रीतसर भरली.
ऐनवेळचा विषय, अध्यक्षांच्या परवानगीने, ठराव चार:
मंडळाच्या मराठी आवृत्तीत यापुढे
'नाही' असं उत्तर छापू नये,
'नोंद सापडली नाही' असं छापावं.
सूचक कुंदा भगत. अनुमोदक कारखानीस,
त्यांचा आवाज बसला होता,
ते मी इतिवृत्तात घेतलं नाही.
वेलणकर म्हणाले, याने तर्क तसूभर बदलत नाही.
नाहीच बदलत. तेही लिहिलं.
आमची आवृत्ती वापरणारे सगळे मिळून चाळीसेक,
त्यांत तलाठी एकही नाही.
म्हणजे, आमच्याकडे नोंद नाही.

कुंदा किटली परत द्यायला गेली.
पोरं रॅकेटी घेऊन दारात उभी होती, टेबल हवं होतं त्यांना.
मी वही घाईत ओढली,
परेरांच्या रकान्यात
'गैरहजर' लिहायला घेतलं, 'गै' काढला,
आणि वही मिटली.
पुढच्या सभेत कोणीतरी विचारेल,
हा गै कसला.